रत्नाला पैलू पाडतात म्हणजे नेमकं काय करतात?

"पैलू पाडणे" हा शब्द आपण येताजाता वापरतो, माणसाला पैलू पाडतो, आवाजाला पाडतो, लिखाणाला पाडतो, पण खऱ्याखुऱ्या दगडाला पैलू कसे पाडतात असं विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यासमोर छिन्नी-हातोडा येतो नाहीतर एखादं धारदार पातं. तसं काही नसतं हो. रत्नाचा "कट" म्हणायची सवय लागल्यामुळे हा गोंधळ जास्तच झालाय. मोठा दगड विभागायला करवत लागते हे खरं, पण पैलू मात्र कापून निघत नाही, तो घासून निघतो. फिरत्या ओल्या चकतीवर, कणाकणाने. दगडाचा तेवढा भाग पूड होऊन पाण्याबरोबर वाहून गेला आणि मागे सपाट जागा राहिली, तो पैलू. गेलेला कण परत चिकटवता येत नाही, त्यामुळे ह्या कामात सगळ्यात आधी ठरवावं लागतं की काय घालवायचं, आणि माझ्या मते कारागिराचं निम्मं कसब ह्या ठरवण्यातच आहे.

आता घासायचं म्हणजे दगडापेक्षा कठीण काहीतरी हवं. इथे मोसची मोजपट्टी कामाला येते. फ्रीडरिश मोस नावाच्या खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये ती मांडली, कोण कोणावर ओरखडा काढतो एवढ्याच कसोटीवर १ ते १० आकडे. शंखजिरं १ वर, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ ७ वर, पुष्कराज म्हणून ज्याला ओळखतात त्यातला टोपाझ ८, कुरुंद ९ (माणिक आणि नीलम हे दोन्ही कुरुंदच, फक्त रंग वेगळा), आणि हिरा १०. पण हे आकडे म्हणजे नुसते क्रमांक आहेत, मापं नाहीत. ९ आणि १० मधलं अंतर हे १ पासून ९ पर्यंतच्या अंतरापेक्षाही मोठं आहे, हिरा ह्या रांगेत बाकीच्यांपासून फार लांब उभा आहे. म्हणून आज जवळपास सगळी रत्नं हिऱ्याच्या पुडीने घासतात.

ह्या मोजपट्टीचा आपल्याला घरीसुद्धा उपयोग आहे. साध्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात, म्हणजे धूळ ७ च्या कठीणपणाची. ओपल, मूनस्टोन हे ७ च्या खालचे दगड. त्यांच्यावर धूळ बसली आणि आपण कोरड्या फडक्याने खसाखसा पुसलं की आपण स्वतःच्या हाताने त्याला सँडपेपर मारतोय. आधी पाण्याखाली धूळ जाऊ द्या, मग पुसा. कारागिराने तासन्तास बसून आणलेली चमक अशी फडक्याने गेलेली बघवत नाही.

मग हिरा कशाने घासायचा? हिऱ्यानेच. पण मग दोघं सारखेच कठीण असताना एक दुसऱ्याला झिजवतो कसा? तर हिरा सगळ्या दिशांनी सारखा कठीण नसतो. त्याच्या आतल्या अणूंची रचना अशी आहे की काही दिशांनी तो बराच लवकर झिजतो आणि काही दिशांनी अजिबात दाद देत नाही. लाकूड रंधताना रेषेच्या दिशेने आणि उलट्या दिशेने जसा फरक पडतो तसंच. पुडीत लाखो कण वाटेल तसे पडलेले असतात, त्यातल्या कित्येकांची कठीण बाजू नेमकी वर असते, आणि कारागीर आपला हिरा त्याच्या मऊ दिशेने चकतीवर धरतो. दिशा चुकली तर चकती कितीही फिरू द्या, हिरा ढिम्म हलत नाही.

कठीण असणं आणि न फुटणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पण इथेच सांगते. खरा हिरा घणाखाली ठेवला तरी फुटत नाही ही समजूत फार जुनी आहे आणि ती चूक आहे, कृपया कोणी करून बघू नका. हिऱ्यात चार दिशांनी अशा पातळ्या असतात की त्या पातळीत नेमका घाव बसला की तो दुभंगतो. उलट जेड बघा, कठीणपणात ६-७ च्या आसपास, पण आतून तंतू एकमेकांत गुंतल्यासारखी रचना, त्यामुळे ते फोडायला फार जड. टोपाझची तर वेगळीच गंमत आहे, त्याच्यात एक अशी पातळी असते आणि पैलू जर बरोब्बर त्या पातळीला समांतर आला तर त्याला नीट पॉलिशच होत नाही, बारीक बारीक टवके निघत राहतात. म्हणून दगड मुद्दाम काही अंश तिरका लावतात. हे ज्याला माहीत नाही तो बिचारा दिवसभर घासत बसतो आणि पॉलिशच्या पावडरला दोष देतो.

काम सुरू होतं ते नुसतं बघण्यापासून. कच्चा दगड, धंद्यातल्या भाषेत रफ, हातात घेऊन उजेडासमोर फिरवायचा, पाण्यात किंवा तेलात बुडवून आत बघायचं, कारण खडबडीत पृष्ठभागामुळे आतलं काही दिसत नाही आणि द्रवात बुडवलं की ते धुकं निघून जातं. आत चिरा कुठे आहेत, डाग कुठे आहेत, रंग कुठे साठलाय. नीलममध्ये बऱ्याचदा रंग सगळीकडे सारखा नसतो, एखादाच निळा पट्टा असतो आणि बाकी दगड जवळजवळ पांढरा. आता हुशार कारागीर काय करतो, तो निळा पट्टा खालच्या टोकाकडे येईल असा दगड लावतो. वरून बघताना प्रकाश त्या टोकातून फिरून वर येतो आणि पूर्ण दगड निळा दिसतो! तोच दगड बाजूने बघितला तर वरचा भाग पाण्यासारखा. ह्यात फसवणूक काही नाही, दगडाकडे जे आहे त्याचं चीज करणं आहे. काही रत्नं तर दिशेप्रमाणे रंगच बदलतात, आयोलाईट एका बाजूने जांभळट निळं आणि दुसऱ्या बाजूने जवळजवळ बिनरंगी, तिथे दिशा चुकली की सगळं मुसळ केरात.

आता अँगलबद्दल, कारण खरी चमक तिथे आहे. तुम्ही पोहताना पाण्याखाली जाऊन वर बघितलंय का? डोक्याच्या बरोबर वर आकाश दिसतं पण जरा लांब तिरकं बघितलं की पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो, बाहेरचं दिसेनासं होऊन खालचा तळच त्यात दिसतो. प्रकाश जेव्हा दाट वस्तूतून हवेत बाहेर पडायला बघतो तेव्हा एका ठरावीक अंशापेक्षा तिरका असला तर बाहेर न जाता सगळाच्या सगळा आत परततो. रत्नाच्या खालचे पैलू हे असेच आरसे असतात, मागे पारा वगैरे काही लावलेला नसतो. प्रकाश वरून शिरला, खालच्या एका बाजूवर आपटला, समोरच्या बाजूवर गेला, तिथून वर आपल्या डोळ्यात. हा ठरावीक अंश प्रत्येक दगडाचा वेगळा, हिऱ्याचा साधारण २४.४ आणि स्फटिकाचा, म्हणजे पारदर्शक गारगोटीचा, ४० च्या थोडा वर. म्हणून स्फटिकाचे खालचे पैलू ४३ अंशांच्या आसपास ठेवतात, चुकून ३८ वर केले तर प्रकाश तळातून गळून जातो आणि दगडाच्या मध्यभागी एक मेलेला, आरपार दिसणारा ठिपका तयार होतो, त्याला खिडकी म्हणतात. तपासायची पद्धत अगदी सोपी, सुटं रत्न छापील कागदावर पालथं न घालता सुलटं, टेबल (वरचा सगळ्यात मोठा पैलू) वर करून ठेवा आणि वरून बघा. खालची अक्षरं वाचता आली तर खिडकी आहे.

आणि अशा खिडक्या मुद्दामसुद्धा ठेवल्या जातात. योग्य अंश धरायला गेलं की कच्च्या दगडाचं वजन जास्त जातं, आणि रत्न तर कॅरेटवर विकलं जातं, १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. म्हणजे प्रकाश वाचवायचा तर वजन जातं आणि वजन वाचवायचं तर प्रकाश जातो. ह्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोहिनूर. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी तो बघायला गर्दी केली आणि निराश होऊन परतले, कारण तो जुन्या भारतीय पद्धतीने घडवलेला, वजन राखणारा, त्यांच्या अपेक्षेसारखा झगमगत नव्हता. मग १८५२ मध्ये ॲम्स्टरडॅमचे कारागीर बोलावून वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या चकतीवर तो पुन्हा घासला आणि १९१ कॅरेटच्या आसपासचा हिरा १०५.६ कॅरेटवर आला. मला ह्याचं अजूनही वाईट वाटतं. तो जुना आकार चुकीचा नव्हता, ती वेगळी आवड होती, मोठ्या दगडाची मोठी शांत लकाकी.

आज गोल हिऱ्याचा जो ५८ पैलूंचा ब्रिलियंट आकार सगळीकडे दिसतो (तळाचं टोक सपाट केलं नाही तर ५७), त्याचं गणित मार्सेल टोल्कोव्स्की ह्या हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या इंजिनिअरने १९१९ मध्ये मांडलं. खालचे पैलू ४०.७५ अंश, वरचे ३४.५. हेच आकडे उचलून दुसऱ्या दगडाला लावले तर तसा परिणाम मिळत नाही, हे आता वेगळं सांगायला नको.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगते. मी शिकायला बसले तेव्हा पहिला दगड होता साधा स्फटिक, बोराएवढा. तो धातूच्या छोट्या काडीवर, तिला डॉप म्हणतात, लाखेसारखं मेण गरम करून चिकटवायचा, काडी मशीनच्या दांड्यात बसवायची. दांड्याला अंश मोजायची पट्टी असते आणि मागे एक दातेरी चाक, बहुतेक ९६ दात्यांचं, कारण ९६ ला २, ३, ४, ६, ८, १२, १६ अशा भरपूर संख्यांनी भाग जातो. आठ पैलू हवे तर दर १२ दात्यांवर थांबायचं, सोळा हवे तर दर ६ वर. अंश लावला, दाता लावला, दगड चकतीवर टेकवला, मोजून दोन-तीन सेकंद, उचलला, भिंगातून बघितला, परत टेकवला. माझ्या शिक्षकांची एक युक्ती होती, आधीच्या पैलूवर मार्करने शाई फासायची आणि मग नवीन पैलू हलकेच टेकवायचा, जिथली शाई गेली तिथे चकती लागली, म्हणजे किती पुढे सरकलोय ते लगेच कळतं. सगळे पैलू एका बिंदूत मिळायला हवेत, केसाएवढा फरक पडला तरी भिंगाखाली तो दरवाजाच्या फटीसारखा दिसतो. आणि कान उघडे ठेवायचे. जाड कणांच्या चकतीवर दगड खरखरतो, बारीकवर सळसळतो, आणि मध्येच आवाज बदलला तर हात आधी उचलायचा, विचार नंतर.

पॉलिश ही वेगळी गोष्ट नाही, घासण्याचंच पुढचं टोक आहे. जाड कणांनी आकार, मग ६०० नंबर, मग १२००, ३०००, ८०००, आणि शेवटी ५०,००० सारखी इतकी बारीक पूड की बोटांना ती पूड आहे हे कळतसुद्धा नाही. प्रत्येक टप्प्याचं काम एकच, आधीच्या टप्प्याचे ओरखडे पूर्ण काढणं. आणि ओरखडा नुसता वर दिसतो तेवढा नसतो, त्याच्या खाली दगड आतून तडकलेला असतो, तेवढी खोली गेल्याशिवाय पुढे गेलात तर शेवटी पॉलिश करताना तो भुतासारखा परत वर येतो. माझ्या त्या पहिल्या स्फटिकाच्या टेबलवर, म्हणजे वरच्या सगळ्यात मोठ्या पैलूवर, शेवटच्या चकतीवर एक लांब रेघ उमटली, कारण आधीच्या टप्प्याचा एक जाड कण माझ्या नखाखाली राहिला होता. एक कण. दोन टप्पे मागे जाऊन सगळं टेबल परत घासावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक चकतीनंतर दगड, काडी, हात, नखं सगळं ब्रशने धुते. आणि मग कधीतरी तो क्षण येतो, राखाडी दिसणारा पैलू एकदम काळाभोर ओला दिसायला लागतो आणि त्यात खोलीतला दिवा अख्खा उमटतो. आपल्या भाषेत रत्नाच्या चमकेला "पाणी" का म्हणतात ते मला तेव्हा कळलं. दगडाप्रमाणे पॉलिशसुद्धा बदलतं, स्फटिकाला सेरियम ऑक्साईड छान चालतं, जेडला क्रोमियम ऑक्साईडची हिरवी पूड लावतात.

सगळ्याच रत्नांना पैलू शोभत नाहीत. ओपल, मूनस्टोन, लसण्या, तारा दिसणारं माणिक किंवा नीलम ह्यांना घुमटासारखा गुळगुळीत आकार देतात, कॅबोशॉन. तारा कसा दिसतो, तर आत रुटाईल नावाच्या खनिजाच्या सुया तीन दिशांनी पसरलेल्या असतात, प्रत्येक दिशेच्या सुयांवरून प्रकाशाची एक आडवी रेघ उमटते, तीन रेघा मिळून सहा किरणांचा तारा. घुमटाचा तळ त्या सुयांच्या पातळीला समांतर हवा, नाहीतर तारा एका बाजूला घसरतो.

हिऱ्याच्या कामात जुन्या काळी सगळ्यात धडधड वाटणारी पायरी म्हणजे तो फोडणं. १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मिळालेला कलिनन ३,१०६ कॅरेटचा, म्हणजे ६०० ग्रॅमच्या वर. १९०८ मध्ये ॲम्स्टरडॅमला जोसेफ ॲशर ह्यांनी त्याच्यावर आधी दुसऱ्या हिऱ्याने खाच पाडली, त्यात पोलादी पातं ठेवलं आणि घाव घातला, तर पहिल्यांदा पातंच मोडलं. दुसऱ्यांदा हिरा दुभंगला, जसा हवा तसा. त्यातून ९ मोठे हिरे निघाले, सगळ्यात मोठा ५३० कॅरेटचा, आणि मूळ वजनातलं जवळपास दोन तृतीयांश गेलं. आता हे काम लेझर करतो आणि कुठे कापायचं ते कॉम्प्युटर आतले डाग स्कॅन करून सुचवतो.

आता कोरीव काम, माझ्या सगळ्यात जवळचा विषय. इथे गंमत अशी की हत्यार जागेवर असतं आणि दगड हलतो. आडव्या दांड्यावर एक छोटं लोखंडी टोक फिरत असतं, कधी मोहरीएवढ्या गोळीचं, कधी पातळ चाकाचं, त्याला तेलात कालवलेली हिऱ्याची पूड लावलेली, आणि कारागीर दोन्ही हातात दगड धरून तो टोकावर नेतो. लोखंड मऊ असतं हेच बरं, हिऱ्याचे कण त्यात रुतून बसतात आणि कापतात ते कण. पण ते तेल आणि पूड मिळून चिखल होतो आणि नेमकं जिथे कोरतोय तीच जागा झाकली जाते, म्हणजे कोरताना दिसत नाही! बोटांना जाणवतं आणि कानाला ऐकू येतं त्यावर पुढे जायचं, पुसायचं, बघायचं, परत. मुद्रेसाठी, म्हणजे ठसा उमटवायच्या शिक्क्यासाठी, खोलगट कोरायचं असेल तर सगळं उलटं, डावं उजवीकडे आणि खोल ते उंच, नाक हा चेहऱ्याचा सगळ्यात वरचा भाग म्हणून तिथे सगळ्यात खोल जायचं. म्हणून मधून मधून मऊ मेणावर ठसा घेऊन बघतात, दगडात जे नुसतं खड्ड्यांचं जाळं दिसत होतं ते मेणावर एकदम माणसाचा चेहरा होऊन उभं राहतं.

हे काम फार जुनं. हडप्पा संस्कृतीच्या मुद्रा शंखजिऱ्याच्या जातीच्या मऊ दगडात कोरून मग भाजून टणक केलेल्या आहेत. त्याच लोकांचे लांब लांब लाल अकीकाचे मणी मेसोपोटेमियात उरच्या राजघराण्याच्या थडग्यांमध्ये सापडलेत, आणि अकीक ७ च्या जवळपास कठीण, त्याला आरपार बारीक भोक, दोन्ही बाजूंनी पाडत आणून मध्ये मिळवलेलं. प्रयोग करून बघितलं तर तसं भोक तासाला दोन-अडीच मिलिमीटर पुढे सरकतं. एका मण्याला दिवसच्या दिवस. रोमन लेखक प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून गेलाय की रत्न कोरणारे हिऱ्याच्या कपच्या लोखंडात बसवून वापरतात, म्हणजे तत्त्व तेव्हापासून तेच.

उठावाच्या कामाला, कॅमिओला, थरांचा दगड लागतो. सार्डोनिक्समध्ये पांढरे-तपकिरी थर एकावर एक असतात, कारागीर वरचा पांढरा थर आकृतीपुरता ठेवतो आणि बाकी खरवडून खालचा गडद थर उघडा करतो. पांढरा थर जितका पातळ कराल तितका खालचा रंग त्यातून झिरपतो, त्यावरच गालाची सावली आणि कपड्याची चुणी दाखवायची. पॅरिसमध्ये एक रोमन कॅमिओ आहे, पाच थरांचा, ३१ सेंटीमीटर उंच, त्यात दोन डझन आकृत्या आहेत. थर सरळ नसतात, वर-खाली जातात, आणि कारागिराला त्यांच्या कलाने चित्र बदलावं लागतं. जर्मनीतलं इडार-ओबरस्टाईन हे ह्या कामाचं मोठं गाव, तिथे पूर्वी ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या वाळूच्या दगडाच्या भल्यामोठ्या चाकांसमोर कारागीर पोटावर पालथे झोपून अकीक दाबून धरायचे. अकीक सच्छिद्र असतो, त्यामुळे साखरेच्या पाण्यात भिजवून मग गंधकाम्लात टाकला की आत शिरलेल्या साखरेचा कोळसा होतो आणि दगड काळा पडतो, बाजारातला बराचसा काळा ओनिक्स असाच तयार होतो.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अकीक, स्फटिक कोरडे घासले की सिलिकाची धूळ उडते, ती फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, त्याला बरं करणारा इलाज नाही. गुजरातमधल्या खंबातच्या अकीक कारागिरांमध्ये हा आजार डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेला आहे, आणि नुसतं घासणाऱ्यालाच नाही तर शेजारी राहणाऱ्यालासुद्धा होतो. पाणी, धूळ ओढणारा पंखा, चांगला मास्क, ह्यात काटकसर करू नका, हौस म्हणून घरी करत असाल तरीसुद्धा.

आणि हिऱ्यावर कोरणं? तेही झालंय. मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये शाह नावाचा ८८.७ कॅरेटचा हिरा आहे, किंचित पिवळसर, लांबट, पूर्ण पैलू न पाडलेला. त्याच्यावर तीन लेख आहेत. पहिला अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा, हिजरी १००० सालचा, दुसरा शाहजहानचा, तिसरा इराणच्या फतेह अली शाहचा. हिऱ्याच्या टोकाने हिऱ्यावर ओरखडत, पूड आणि तेल घालत, एकेक फारसी अक्षर. आणि एका टोकाजवळ चारही बाजूंनी फिरवलेली बारीक खाच आहे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खोल. ती दोरा बांधायला, म्हणजे भोक न पाडता तो टांगता यावा म्हणून.